रात्री अकराचं कोडं दुपारी सोडवा

वाचकाचं पत्र

ताई, मी ३८ वर्षांची. नोकरी, दोन मुलं, दिवसभर बसून काम. गेल्या महिन्यात तपासणीत एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या रक्तातल्या साखरेची सरासरी सांगणारी चाचणी) ५.९ टक्के आलं. डॉक्टर म्हणाल्या, 'मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर आहात. सहा महिने खाणं, चालणं, झोप सांभाळा, मग पुन्हा तपासू.' त्या दिवसापासून मी झपाटल्यासारखी वाचते आहे. सवयींचं मानसशास्त्र, मेंटल मॉडेल्स (म्हणजे विचार करायला मदत करणारे ठोकताळे), निर्णय कसे घ्यावेत, सगळं. वहीत ३४ संकल्पना उदाहरणांसकट उतरवून काढल्या आहेत. सकाळी मी अगदी शहाणी असते. रात्री अकराला मुलं झोपली की स्वयंपाकघरात उभ्या उभ्या बिस्किटांचा पुडा संपवते आणि फोन घेऊन एक वाजेपर्यंत लोळत पडते. सकाळी डोळे उघडत नाहीत, चालणं बुडतं. गुरुवारपर्यंत सगळं कोसळलेलं असतं, मग पुढच्या सोमवारची वाट बघायची. नवरा म्हणतो, 'एवढं वाचतेस, मग करत का नाहीस?' कळतं, पण वळत नाही. माझ्या हातून नेमकी कुठली संकल्पना निसटते आहे? की मला इच्छाशक्तीच नाही?

उत्तर

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी तीन शब्दांपाशी थांबले: 'मुलं झोपली की'. त्यांच्याकडे मी परत येणार आहे. आधी तुमच्या दोन प्रश्नांची सरळ उत्तरं देते. संकल्पना एकही निसटलेली नाही. आणि इच्छाशक्तीचं म्हणाल तर नोकरी, दोन मुलं आणि वर ३४ संकल्पनांची वही सांभाळणाऱ्या बाईत ती नाही, असं मी म्हणणार नाही.

वहीबद्दल मात्र थोडं कठोर बोलते, रागावू नका. गॅब्रिएल ओटिंगेन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९१ मध्ये एका सहकाऱ्यासोबत वजन कमी करण्याच्या कार्यक्रमातल्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. 'मला हे जमेल' असा विश्वास असणाऱ्या स्त्रियांचं वजन जास्त उतरलं होतं. पण बारीक झालेल्या स्वतःची गोड चित्रं मनात रंगवत बसणाऱ्यांचं वजन वर्षभरानंतर इतरांपेक्षा सुमारे ११ किलोंनी कमी उतरलं. यश मनातल्या मनात चाखून झालं की शरीराची धाव सैलावते, असं ओटिंगेन यांचं पुढचंही काम सांगतं. तुमची वही असंच काही करत असावी, असा माझा अंदाज आहे. नवी संकल्पना लिहून काढली की आज तब्येतीसाठी काहीतरी केल्याचं समाधान मिळतं आणि दिवस तेवढ्यावर भागतो. एक महिना वही कपाटात ठेवा. फेकू नका, तिच्यातल्या तीनचार गोष्टी लागणार आहेत.

आता इच्छाशक्ती. तुमच्या वहीत 'इच्छाशक्ती स्नायूसारखी असते, दिवसभर वापरली की रात्री थकते' असं एक पान बहुधा असेल. ही कल्पना १९९८ पासून फार गाजली. २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून, दोन हजारांहून अधिक लोकांवर, ती नव्याने तपासली तेव्हा परिणाम जवळजवळ शून्य निघाला. ते पान खोडा. तुम्ही रात्री थकलेल्या असता हे खरंच आहे. पण 'माझी इच्छाशक्तीची टाकी अकराला रिकामी होते, मी काय करणार' हा निष्कर्ष त्यातून काढू नका.

मला त्याहून मोलाचा वाटतो तो विल्हेम हॉफमान आणि सहकाऱ्यांचा २०१२ चा अभ्यास. जर्मनीतल्या २०५ प्रौढांना आठवडाभर दिवसातून अनेकदा विचारलं गेलं: आत्ता काही हवंसं वाटतंय का? त्याच्याशी झगडताय का? ज्यांना आपण संयमी म्हणतो ते मोहाशी सर्वांत जास्त झुंजत असतील, अशी आपली समजूत असते. निघालं उलटंच. संयमी माणसांना झुंजण्याची वेळच कमी येत होती. त्यांच्या दिवसाची मांडणी अशी होती की मोह फारसा वाटेत येतच नव्हता. तुम्ही रोज रात्री अकराला कुस्ती खेळता, हरता आणि स्वतःला दुबळी ठरवता. ज्यांचा हेवा वाटतो ते त्या आखाड्यात उतरतच नाहीत.

मग तुमच्या ३४ संकल्पनांचा उपयोग कधी करायचा? दुपारी. माझं सगळं म्हणणं या एका शब्दात आहे. १९९८ मध्ये डॅनियल रीड आणि बार्बरा फान लेवेन यांनी ॲमस्टरडॅममधल्या कर्मचाऱ्यांना पुढच्या आठवड्यासाठी खाऊ निवडायला सांगितला. पुष्कळांनी फळ वगैरे शहाणी निवड केली. आठवड्याने खाऊ समोर आल्यावर निवड बदलायची मुभा दिली, तर बरेच जण गोडाकडे वळले. माणसं तीच, आठवड्याचं अंतर तेवढं मध्ये गेलं. दूरच्या फायद्याला मन कमी भाव देतं आणि हाताशी असलेल्या सुखाला फार जास्त. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट तुम्हाला थेट लागू पडते. जे निवड करताना भुकेले होते, त्यांनी पुढच्या आठवड्यासाठीसुद्धा बिघडलेली निवड केली. म्हणजे रात्री अकराला, पोटात काही नसताना, 'उद्यापासून' असं जे तुम्ही ठरवता, त्या ठरावावर फारसा भरवसा ठेवू नका. ठराव जेवण झाल्यावर, दुपारी तीन-चारला, डोकं शांत असताना करा.

आता ते तीन शब्द. जी. के. चेस्टरटन या इंग्रज लेखकाने १९२९ मध्ये एक दाखला दिला होता, तो मेंटल मॉडेल्सच्या बहुतेक याद्यांत असतो. रस्त्यात आडवं कुंपण दिसलं आणि ते कशाला घातलंय हे कळत नसेल, तर ते लगेच उखडू नका. ते कशासाठी होतं ते आधी शोधा, मग काढायचं की ठेवायचं ते ठरवा. तुमच्या वहीतही हे असेल. पण तुम्ही ते संस्था, नियम, परंपरा यांना लावून पाहिलं असेल. रात्रीच्या बिस्किटांना लावून पाहिलंत का?

'मुलं झोपली की.' सकाळपासून त्या क्षणापर्यंत तुमच्या दिवसातला एकही तास तुमच्या मालकीचा नाही, असं पत्रावरून दिसतं. अकराला पहिल्यांदा कुणी हाक मारत नाही. उभ्या उभ्या खाणं आणि फोन या त्या तासाच्या निशाण्या आहेत: आता मी कुणाची आई नाही, कुणाची कर्मचारी नाही. झोपायला कुठलीही अडचण नसताना माणसं झोप पुढे ढकलत राहतात, या प्रकाराला नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट विद्यापीठाच्या फ्लोर क्रूसे यांनी २०१४ मध्ये 'झोपेची चालढकल' असं नाव देऊन त्याचा अभ्यास केला. तुमच्यासारख्या, दिवस दुसऱ्यांच्या हातात असलेल्या बायकांच्या पत्रांत मला ही चालढकल फार दिसते. वयाच्या चाळिशीआधी काही वर्षं मी स्वतः अशाच रात्री काढल्या आहेत, म्हणून खात्रीने सांगते: त्यात आळस नव्हता. स्वतःसाठी वेळ हवा ही साधी आणि रास्त भूक होती, ती चुकीच्या वेळी आणि चुकीच्या ताटात भागवली जात होती.

म्हणून बिस्किटं आणि फोन दोन्ही एकदम काढून घेतलेत, तर गुरुवार उजाडायच्या आत तुम्ही ते परत आणणारच. कुंपण उखडलं, पण ते ज्यासाठी होतं ती गरज उघडी पडली. आधी त्या तासाला दुसरीकडे जागा द्या. संध्याकाळी पाऊण तास, आठवड्यातून निदान चार दिवस, तुमचा. त्या वेळात मुलं नवऱ्याकडे. तो विचारतो ना, 'करत का नाहीस?' त्याला हे पत्र आणि हे उत्तर वाचायला द्या आणि म्हणा, 'मला सल्ला नको, पावणेआठ ते साडेआठ मुलं तुझी.' त्या वेळात व्यायामच केला पाहिजे असं नाही. दार लावून पडून राहा, गाणी ऐका, मैत्रिणीशी बोला. चालावंसं वाटलं तर चाला. पहिले दोन आठवडे तरी त्याला 'तब्येतीचा वेळ' म्हणू नका, नाहीतर तीही एक ड्यूटी होऊन बसेल. मुलांच्या बापाला हे अवघड वाटलं तर वाटू दे. चार दिवसांत त्याला जमेल, मुलांनाही जमेल. घरात खरोखरच कुणाला शक्य नसेल, तर नातेवाईक, शेजारी, मुलांचा एखादा वर्ग, जे सापडेल ते. पण ही पायरी गाळून पुढच्या पायऱ्या करू नका.

झोपेचाही हिशोब सांगते, कारण तुमच्या मनात बिस्किटं हा गुन्हा आहे आणि फोन हा फक्त वाईट छंद. २००४ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या एका प्रयोगात १२ निरोगी तरुणांना दोन रात्री जेमतेम चार तास झोपू दिलं आणि दुसऱ्या वेळी दहा तास. कमी झोपेनंतर पोट भरल्याची खूण देणारं लेप्टिन हे संप्रेरक १८ टक्क्यांनी उतरलं, भुकेची खूण देणारं घ्रेलिन हे संप्रेरक २८ टक्क्यांनी चढलं आणि ओढ वाढली ती मुख्यतः गोड, पिठूळ, खारट खाण्याची. प्रयोग लहान आहे, पण तुमच्या दिनक्रमाशी तो जुळतो. मंगळवारी रात्री एकला झोपल्यावर बुधवारी रात्री बिस्किटांची जी ओढ लागते, तिचा एक भाग तुमच्या रक्तात आहे. तिला चारित्र्याचा दोष म्हणू नका.

आता दुपारी बसून काय करायचं ते. पीटर गोल्विट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने मांडलेली 'जर-तर'ची योजना तुमच्या वहीत नक्की असेल. ठराव 'मी जास्त चालेन' असा न करता 'अमुक झालं की मी तमुक करेन' असा करायचा, वेळ आणि जागेसकट. दिसायला पोरकट वाटतं. २००२ मध्ये ब्रिटनमधल्या २४८ विद्यार्थ्यांवर हे तपासलं. एका गटाला काहीच सांगितलं नाही, दुसऱ्याला व्यायामाने हृदय कसं वाचतं याची माहिती दिली, तिसऱ्याला ती माहिती दिलीच, शिवाय पुढच्या आठवड्यात कधी आणि कुठे व्यायाम करणार ते लिहून घेतलं. पहिल्या गटात ३८ टक्क्यांनी व्यायाम केला. माहिती मिळालेल्या गटात ३५ टक्क्यांनी. लिहून दिलेल्या गटात ९१ टक्क्यांनी. मधल्या आकड्याकडे नीट पाहा. माहितीने इरादा वाढला होता, पण पाय हलले नव्हते. गेला महिनाभर तुम्ही त्या मधल्या गटात आहात.

तुमचं 'जर' कुठलं घ्यायचं, इथे बहुतेक जण चुकतात. 'खावंसं वाटलं तर' असं घेऊ नका. वाटणं धूसर असतं आणि ते कळेपर्यंत पुडा उघडलेला असतो. डोळ्यांना दिसणारी, रोज घडणारी गोष्ट घ्या. तुमच्याकडे ती तयार आहे. 'मुलांच्या खोलीचं दार ओढून घेतलं, की मी फोन बैठकीच्या खोलीत चार्जिंगला लावेन आणि सरळ दात घासायला जाईन.' बस. स्वयंपाकघराचा उल्लेखसुद्धा नको, कारण 'मी बिस्किटं खाणार नाही' असं घोकताना डोळ्यांपुढे बिस्किटंच येतात. उठवण्यासाठी फोनचा गजर लागत असेल, तर साधं गजराचं घड्याळ घ्या. वाक्य स्वतःच्या हाताने कागदावर लिहा आणि त्या दारावर चिकटवा. एकच वाक्य. दुसरं महिनाभर लिहायचं नाही.

बिस्किटं घरात असावीत की नाही? मुलं आहेत, नवरा आहे, असतील. पण ती कुठे आहेत याने खूप फरक पडतो. वेंडी वूड आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये चित्रपटगृहात लोकांना ताजं किंवा आठवडाभर शिळं पॉपकॉर्न दिलं. ज्यांना पडद्यासमोर पॉपकॉर्न खायची पक्की सवय होती, त्यांनी शिळंही ताज्याइतकंच खाल्लं. चव आवडली नाही म्हणत खाल्लं. मग काहींना एक अट घातली: नेहमीच्या हाताने खायचं नाही. सवयीचे लोकसुद्धा शिळं कमी खाऊ लागले. हात अडला आणि मन जागं झालं, एवढ्याने. तुमचा पुडा उंच फडताळात, घट्ट झाकणाच्या डब्यात, स्टूल घेतल्याशिवाय हाती न लागणारा असू दे. हे काम दुपारीच करा. आणि खायचंच झालं, तर नियम एक: दोन काढा, बशीत ठेवा, खुर्चीवर बसून खा. उभ्याने नाही. बसून खाल्लेलं चालेल, हे मी मनापासून म्हणते आहे.

आता गुरुवार. तुमच्या पत्रातलं मला सर्वांत काळजीचं वाटलेलं वाक्य 'पुढच्या सोमवारची वाट' हे आहे. १९७५ मध्ये पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी काही तरुणींना आधी मिल्कशेक प्यायला दिला आणि मग चव सांगण्याच्या निमित्ताने हवं तेवढं आइस्क्रीम. इतर मुलींनी मिल्कशेकनंतर साहजिकच कमी खाल्लं. जिभेवर कायम लगाम ठेवणाऱ्या मुलींनी मात्र मिल्कशेकनंतर जास्त खाल्लं. नियम मोडलाच आहे, तर आज काय उरलं, हा तो विचार. नुकसान एका मिल्कशेकने झालं नाही, त्यानंतरच्या 'आता काय उरलं'ने झालं. तुमच्या बाबतीत तर ते गुरुवार ते रविवार असं चार दिवस चालतं.

यावरचा उपाय म्हणजे स्वतःशी जरा मायेने बोलणं. तुम्ही म्हणाल, लाड केले तर आणखी बिघडेल. २००७ मध्ये क्लेअर ॲडम्स आणि मार्क लिअरी यांनी हेच पाहिलं. डाएट करणाऱ्या मुलींना एक डोनट खायला दिला, मग काहींना प्रेमाने सांगितलं की असं सगळेच खातात, स्वतःला फार बोल लावू नका. त्यानंतर समोर ठेवलेल्या गोळ्या-चॉकलेटांपैकी, ज्यांना हे सांगितलं होतं त्यांनी कमी खाल्लं. तुमच्या मैत्रिणीने रात्री पुडा संपवला असता, तर तिला तुम्ही काय म्हणाला असता? तेच स्वतःला म्हणा, आणि त्याच रात्री, त्याच मिनिटाला दात घासा. सोमवारपर्यंत थांबायचं कारण नाही. सुरुवात बुधवारी रात्री साडेअकरालाही होते.

किती दिवस लागतील, हेही विचाराल. '२१ दिवसांत सवय' हे पान वहीत असेल तर तेही खोडा. लंडनमधल्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या फिलिपा लॅली यांनी ९६ जणांना पाहिलं. एखादी साधी कृती आपसूक होऊ लागायला मधल्या माणसाला ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणासाठी हिशोबाने २५४ दिवस निघाले. आणि एखाददुसरा दिवस चुकल्याने त्या वाटचालीत म्हणावा असा फरक पडला नाही. तुमच्या गुरुवारसाठी हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम लिहिलं.

काही गोष्टी सरळ सोडून द्या. लहान ताट घेतलं की माणूस कमी जेवतो, या धर्तीच्या गाजलेल्या गोष्टींपैकी बऱ्याच ज्या एका संशोधकाकडून आल्या, त्यांचे अनेक निबंध नंतर मागे घेतले गेले. दहा हजार पावलांचा आकडा १९६० च्या दशकात जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून आला. वैद्यकशास्त्राने तो ठरवलेला नाही. आकडा गाठायचा म्हणून रात्री अकराला घरातल्या घरात फेऱ्या मारत असाल, तर झोपा.

तुमच्या ५.९ बद्दल. ५.७ ते ६.४ हा मधुमेहाच्या आधीचा टप्पा मानतात, तुम्ही त्याच्या खालच्या टोकाशी आहात. अमेरिकेत अशा उंबरठ्यावरच्या तीन हजारांहून अधिक लोकांचा एक मोठा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. वजन सात टक्क्यांनी कमी करणं आणि आठवड्याला १५० मिनिटं झपझप चालण्याइतका व्यायाम, एवढंच लक्ष्य ठेवलेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या गोळीने ३१ टक्क्यांनी. पण वजन आणि व्यायामाच्या गटातल्या लोकांना नुसतं माहितीपत्रक देऊन घरी पाठवलं नव्हतं. प्रत्येकाला एक मार्गदर्शक होता आणि पहिल्या सहा महिन्यांत सोळा भेटी. तुमच्याकडे वही आहे, पण माणूस नाही. चालायला एखादी मैत्रीण गाठा, जिला न येण्याचा निरोप देणं तुम्हाला जड जाईल. सकाळच नको, आधी झोप बसू द्या, तोवर दुपारच्या जेवणानंतर पंधरा मिनिटं चाललात तरी जमेस धरा.

एक गोष्ट गंभीरपणे. रात्रीचं खाणं आपल्या ताब्यातच नाही असं वाटत असेल, एका बैठकीत खूप खाल्लं जात असेल, नंतर लाजेने ते लपवावं किंवा उलटून टाकावं असं वाटत असेल, किंवा दिवसभर मन मलूल राहत असेल, तर हे उत्तर पुरेसं नाही. तुमच्या डॉक्टरांना जशीच्या तशी हकीकत सांगा आणि मानसोपचारतज्ज्ञांचं नाव मागा. त्यांनी ही गोष्ट रोज ऐकलेली असते.

तर आज दुपारी: डबा वरच्या फडताळात, कागद दारावर, आणि संध्याकाळी नवऱ्याशी पावणेआठचं बोलणं. महिन्याने मला लिहा. साखरेचा आकडा डॉक्टर बघतील. मला आधी हे सांगा, की त्या पाऊण तासात तुम्ही काय केलंत.